लिंकचं आडनाव

प्रश्न एका ताईंचा आहे. वडील निवृत्त मुख्याध्यापक, साताऱ्याला असतात. त्यांनी आयकर विवरणपत्र भरलं आणि महिन्याभरात मेल आला: ‘तुमचा १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, खातं पडताळण्यासाठी खालील बटण दाबा.’ वडिलांनी बटण दाबलं, पॅन टाकला, जन्मतारीख टाकली. पुढच्या पानाने डेबिट कार्डाचा नंबर आणि कार्डामागचे तीन आकडे मागितले, तेव्हा मात्र ते थबकले आणि मुलीला फोन लावला. ताईंनी ती लिंक पाठवली आहे: इन्कमटॅक्स.गव्ह.इन.रिफंड-व्हेरिफाय.टॉप/ईफायलिंग/लॉगिन. त्या विचारतात, ‘यात इन्कमटॅक्स.गव्ह.इन स्पष्ट दिसतंय, पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्हही होतं, मग खोटं कसं? आणि पुढच्या वेळी बाबांनी ओळखायचं कसं?’

मी गेली बावीस वर्षं लोकांचे मेल सर्व्हर सांभाळतो. एवढ्या वर्षांत असा प्रश्न विचारणाऱ्याला कुणीतरी आधीच ‘एवढं साधं कळलं नाही का’ असं ऐकवलेलं असतं. ते साधं नाही. पत्ता वाचायची जी सवय आपल्याला आहे, तिच्या बरोबर उलट दिशेने हा पत्ता वाचावा लागतो, आणि चोर नेमका त्यावर जगतो.

(पत्ते मुद्दाम देवनागरीत लिहितोय. इंग्रजीत लिहिले की बरीच ॲप्स आपण होऊन त्यांची लिंक करून टाकतात, आणि कुणाचं बोट खोट्या पत्त्यावर पडायला नको.)

आपल्याकडे नाव सांगताना आधी स्वतःचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. घराणं कोणतं ते शेवटच्या शब्दावरून कळतं. पाळण्यातलं नाव काय ठेवायचं ही ज्याची त्याची मर्जी. कुणी मुलाचं नाव ‘तहसीलदार’ ठेवलं म्हणून त्याची सही दाखल्यावर चालत नाही. वेबपत्त्याचं अगदी तसंच आहे. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या उजवीकडचं सगळं अंगठ्याने झाका. आता त्या रेघेला चिकटून जो शब्द आहे तिथून डावीकडे चालायला लागा.

ताईंच्या लिंकमध्ये रेघेआधीचा शेवटचा शब्द आहे ‘टॉप’. त्याच्या मागे टिंब, टिंबाच्या मागे ‘रिफंड-व्हेरिफाय’. हे दोन मिळून आडनाव झालं: रिफंड-व्हेरिफाय.टॉप. हे नाव ज्याने विकत घेतलं तो मालक. त्याच्या डावीकडे जे काही आहे, म्हणजे इन्कमटॅक्स.गव्ह.इन, ते त्याने स्वतः ठेवलेलं पाळण्यातलं नाव. तिथे तो हवं ते लिहू शकतो, एक पैसा न देता आणि कुणाची परवानगी न घेता. उद्या त्याच आडनावापुढे तो कुठल्याही बँकेचं नाव लावेल. झाकलेल्या भागातलं ‘ईफायलिंग/लॉगिन’ही त्याचंच. दुकान एकदा घेतल्यावर आत फडताळावर कोणत्या चिठ्ठ्या चिकटवायच्या ते दुकानदार ठरवतो.

आता खरा पत्ता शेजारी ठेवा: ईपोर्टल.इन्कमटॅक्स.गव्ह.इन. इथे शेवटून ‘इन’, मग ‘गव्ह’, मग ‘इन्कमटॅक्स’. आडनाव दोनऐवजी तीन शब्दांचं आहे, कारण ‘गव्ह.इन’ ही जोडी एकत्र धरायची. को.इन, ऑर्ग.इन याही अशाच जोड्या. पण एक फरक लक्षात ठेवा. को.इन कुणीही विकत घेऊ शकतो, गव्ह.इन फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं. म्हणून पत्ता ‘.गव्ह.इन’ने संपत असेल तर ती मोठी गोष्ट आहे. तेच शब्द मधे कुठेतरी असतील तर त्यांची किंमत शून्य.

टिंब आणि आडवी रेघ यांतला फरक डोळ्यांना शिकवावा लागतो. टिंबाने पत्ता तुटतो, आडव्या रेघेने तुटत नाही. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने मेल आला: कुणाकडे तरी तुमचा पासवर्ड आहे, ताबडतोब बदला. खाली निळं बटण. बटणामागे छोटी केलेली लिंक, आणि ती उघडल्यावर पत्ता होता मायअकाउंट.गूगल.कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज.टीके. घाईत डोळा ‘गूगल.कॉम’पर्यंत येतो आणि थांबतो. पण ‘कॉम’नंतर टिंब किंवा तिरकी रेघ नाही, आडवी रेघ आहे. म्हणजे ‘कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज’ हा एकच शब्द, आणि आडनाव झालं कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज.टीके. हे टीके म्हणजे प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांचं. त्या काळी ते फुकट मिळायचं.

या प्रकरणातला मला कायम खुपणारा तपशील पुढचा आहे. पोडेस्टांच्या कार्यालयाने मेल आपल्या संगणक विभागाला दाखवला होता. तिथल्या माणसाने उत्तर दिलं की मेल खरा आहे, पासवर्ड लगेच बदला. त्याला ‘खोटा आहे’ असं लिहायचं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच उत्तरात त्याने गूगलचा खराखुरा पत्ता दिला होता आणि तिथे जाऊन बदला असंही लिहिलं होतं. तरी खोट्या मेलमधलीच लिंक उघडली गेली, आणि ऑक्टोबरमध्ये पोडेस्टांचे मेल गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सवर यायला लागले. योग्य पत्ता समोर होता. बोटाला जवळ मात्र बटण होतं.

बटणाबद्दल बोलायचं तर एसटीची पाटी आठवा. पाटीवर ‘स्वारगेट’ लिहिलं म्हणून गाडी स्वारगेटला जात नाही, ड्रायव्हर नेईल तिकडे जाते. मेलमधल्या प्रत्येक लिंकला असे दोन भाग असतात: डोळ्यांना दिसणारी पाटी आणि आत लिहिलेला खरा मार्ग. पाटीवर ‘इथे क्लिक करा’ लिहिता येतं, तसा एखादा पूर्ण, बिनचूक, खरा पत्ताही लिहिता येतो. म्हणजे मेलमध्ये निळ्या अक्षरांत इन्कमटॅक्स.गव्ह.इन असं शुद्ध लिहिलेलं असेल आणि आत भलताच पत्ता असेल, हे सहज शक्य आहे. संगणकावर कर्सर लिंकवर नुसता नेऊन ठेवला की खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात खरा मार्ग उमटतो. क्लिक करायचं नाही, नुसतं ठेवायचं.

फोनवर कर्सर नसतो. लिंकवर बोट दाबून धरलं की पत्ता दिसतो, पण ही पद्धत मी वयस्कर माणसांना शिकवत नाही. बोट हललं की दाबून धरण्याचं क्लिक होतं. काही फोनवर दाबून धरलं की ते पानच छोट्या चौकटीत उघडून दाखवतात. शिवाय लांब पत्ता फोनच्या पडद्यावर मावत नाही, मग फोन तो कापतो, आणि बऱ्याचदा उजवीकडून कापतो. म्हणजे पाळण्यातलं नाव दिसतं, आडनाव गायब. चोरांना हे ठाऊक असतं, म्हणून ते पुढे मुद्दाम लांबलचक शब्द लावतात. फोनवर पाहायचंच असेल तर लिंक कॉपी करा आणि नोट्सच्या ॲपमध्ये चिकटवा, ब्राउझरमध्ये नाही. तिथे ती पूर्ण दिसते. नाहीतर संध्याकाळी संगणकासमोर बसेपर्यंत मेल राहू द्या. कोणताही खरा परतावा चार तासांत परत जात नाही.

अक्षरांची फसवाफसवी समजायला देवनागरी वाचणाऱ्याला ‘ख’ पुरेसा आहे. र आणि व जवळजवळ लिहिले की ‘रवा’चं ‘खा’ होतं, आणि ‘ख’ची शेपटी ‘व’ला जोडून काढायची पद्धत याच घोळापायी आली. रोमन लिपीत छोटा आर आणि छोटा एन शेजारी आले की लांबून एम दिसतो. मोठा आय आणि छोटा एल काही टाइपांत जुळे भाऊ असतात. २००० सालीच पेपालच्या नावातल्या शेवटच्या एलच्या जागी मोठा आय टाकून लोकांचे पासवर्ड गोळा केले गेले होते. त्यापुढची पायरी म्हणजे परकी लिपी. रशियन लिपीतली काही अक्षरं रोमनसारखीच दिसतात. २०१७ मध्ये एका संशोधकाने संपूर्ण रशियन लिपीतल्या अक्षरांनी ॲपल.कॉम असं नाव नोंदवून दाखवलं, आणि तेव्हाच्या क्रोम, फायरफॉक्समध्ये ते खऱ्यासारखं दिसत होतं. क्रोमने लगेच दुरुस्ती केली. आता अशा संशयास्पद नावांचं मूळ रूप क्रोमसारखे ब्राउझर दाखवतात, आणि ते ‘एक्सएन’ व दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. इथे एक सावधगिरी. आपले ‘.भारत’ने संपणारे देवनागरी पत्तेही आतून असेच एक्सएनवाले असतात, तेव्हा एक्सएन दिसलं म्हणजे चोर, असं नाही. पण इंग्रजी नावाच्या बँकेच्या मेलमध्ये एक्सएन दिसलं तर मात्र तो मेल तिथेच सोडा.

पत्त्यात पहिल्या तिरक्या रेघेआधी @ हे चिन्ह दिसलं तर त्याच्या डावीकडचं सगळं खोडून टाका. ब्राउझर त्या भागाला वापरकर्त्याचं नाव समजतो, पत्ता @च्या उजवीकडे सुरू होतो. हे क्वचित भेटतं, पण भेटलं की सज्जनपणाची शक्यता जवळपास नसते.

इथवर सोपं होतं. आता जिथे आडनाव वाचूनही भागत नाही तिकडे येऊ, कारण ‘डोमेन (म्हणजे हेच आडनाव) बघा’ एवढं सांगून सोडून देणाऱ्यांनी लोकांचं नुकसान केलंय असं माझं मत आहे.

एक म्हणजे भाडेकरू. साइट्स.गूगल.कॉम किंवा गूगलचे फॉर्म यांचं आडनाव शंभर टक्के गूगलचं. पण इमारत गूगलची असली तरी खोलीत कुणीही राहू शकतो. गूगल फॉर्मवर बँकेचा लोगो डकवून पासवर्ड विचारणारं पान दहा मिनिटांत तयार होतं. दुसरं म्हणजे उडी मारायची फळी. गूगलच्या आणि इतर मोठ्या कंपन्यांच्या काही लिंका अशा असतात की सुरुवात त्यांच्या पत्त्याने होते आणि पोटात दुसरा पत्ता असतो. क्लिक केलं की तिकडे पोचता. अशा लिंकमध्ये झाकलेला भाग उघडून आत आणखी एखादं ‘एचटीटीपी’ दडलंय का ते पाहायचं. तिसरा प्रकार ऑफिसवाल्यांचा. बऱ्याच कंपन्यांत मेल तपासणारी यंत्रणा येणारी प्रत्येक लिंक बदलून तिच्यापुढे स्वतःचा पत्ता लावते, म्हणजे क्लिकच्या क्षणी तपासता यावं. हेतू चांगला, पण परिणाम असा की खरी आणि खोटी लिंक दोन्ही सारख्याच, अर्धा फूट लांब आणि अगम्य दिसतात. जाहिरातीचे खरे मेल पाठवणाऱ्या कंपन्याही मोजदादीसाठी लिंका तिसऱ्याच पत्त्यावरून फिरवतात. त्यामुळे तुमच्या खऱ्या विमा कंपनीच्या खऱ्या मेलमधली लिंकही आडनाव वाचल्यावर अनोळखी निघते.

चौथा प्रकार सगळ्यांत बेमालूम. ३ मे २०१७ ला जगभर लोकांना ओळखीच्या माणसाकडून मेल आले: अमुक यांनी तुमच्याशी गूगल डॉक शेअर केलं आहे. लिंक अकाउंट्स.गूगल.कॉमची, अस्सल. पानही अस्सल गूगलचं. तिथे विचारलं जात होतं, ‘गूगल डॉक्स’ नावाच्या ॲपला तुमचे मेल वाचायची आणि संपर्क पाहायची परवानगी देता का? ते ॲप गूगलचं नव्हतं, कुणीतरी त्या नावाने नोंदवलेलं होतं. परवानगी दिली की तुमच्या संपर्कयादीतल्या सगळ्यांना तुमच्या नावाने तोच मेल. गूगलने तासाभरात ते थांबवलं आणि ०.१ टक्क्यांहून कमी वापरकर्त्यांना झळ पोचल्याचं सांगितलं. इथे लिंक कितीही बारकाईने वाचली असती तरी उपयोग नव्हता.

क्यूआर कोडवाले मेल आणि जोडलेली एचटीएमएल (म्हणजे वेबपानाची) फाइल यांच्याबद्दल फार लिहीत नाही. क्यूआर हे चित्र असल्यामुळे त्यातली लिंक डोळ्यांना वाचता येत नाही, आणि ती तुम्हाला ऑफिसच्या सुरक्षित संगणकावरून खासगी फोनवर नेते. एचटीएमएल फाइल उघडली की लॉगिनचं पान तुमच्याच संगणकावरून उघडतं, त्याला वेबपत्ता नसतोच. दोन्हींना सरळ नकार.

कुलपाचं काय? ताई, ते कुलूप पाकीट चिकटवलेलं आहे एवढंच सांगत होतं. वाटेत कुणी वाचणार नाही, पण पाकीट कुणाच्या हातात पडणार ते सांगत नव्हतं. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र बरीच वर्षं फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, चोरांनाही. लोक त्या चिन्हाचा अर्थ ‘साइट विश्वासू आहे’ असा लावतात हे पाहून गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून ते काढून टाकलं. पाठवणाऱ्याचा मेलपत्ता तपासणंही अर्धंच उपयोगी. फोनवर फक्त ‘इन्कम टॅक्स डिपार्टमेंट’ असं नाव दिसतं, त्यावर टिचकी मारली तर खरा पत्ता उघडतो. तोही वर सांगितल्याप्रमाणेच @च्या उजवीकडे, शेवटून वाचायचा. पण पाठवणारा आपल्याच खोट्या डोमेनवरून रीतसर मेल पाठवत असेल तर मेल सर्व्हरच्या सगळ्या तपासण्यांत तो पास होतो. तपासणी एवढंच सांगते की मेल त्या डोमेनचाच आहे. डोमेन कुणाचं आहे ते तुम्ही बघायचं.

आता मला खरं काय म्हणायचंय ते. लिंक ओळखता येणं ही दुसऱ्या फळीतली गोष्ट आहे. पहिल्या फळीत आहे ती लिंक लागूच नये अशी व्यवस्था, आणि त्या कामाची खरी पद्धत माहीत असणं.

परताव्याचंच घ्या. आयकराचा परतावा पोर्टलवर आधीच पडताळून ठेवलेल्या बँक खात्यातच जमा होतो. त्यासाठी कुठल्या मेलमधलं बटण दाबावं लागत नाही, आणि डेबिट कार्डाचा तर त्या व्यवहाराशी संबंधच नाही. आयकर विभाग मेलवर कार्डाची माहिती, पिन किंवा पासवर्ड मागत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या नोटिसांवर आणि आदेशांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि पोर्टलवर लॉगिन न करताही तो क्रमांक टाकून नोटीस खरी आहे का ते पाहता येतं. ज्याला एवढं माहीत आहे त्याला लिंकचं आडनाव वाचावंच लागत नाही. ‘परतावा हवा तर कार्ड नंबर द्या’ हे वाक्यच खोटं आहे. ताईंच्या वडिलांना शेवटी वाचवलं ते यानेच. पत्ता त्यांना कळला नव्हता, पण पैसे देणारा माणूस पैसे काढायचं साधन का मागतोय हे त्यांना खटकलं. ते खटकणं मोलाचं आहे. आणि १५,४९० हा आकडा जुना आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाने याच रकमेचा आयकर परताव्याचा संदेश खोटा असल्याचं जाहीर केलं होतं.

म्हणून पद्धत एकच ठेवा. आयकर पोर्टल, बँक, वीज मंडळ, जे चार-पाच पत्ते वापरता ते एकदा नीट तपासून ब्राउझरमध्ये खूण करून ठेवा. मेल आला, मजकूर खरा वाटला, तरी मेल बंद करायचा आणि त्या खुणेवरून आत जायचं. सूचना खरी असेल तर ती आतही असते. गूगलवर नाव टाकून शोधू नका, वरचा निकाल पैसे देऊन लावलेली जाहिरात असू शकते.

बँकांच्या बाबतीत हे आता थोडं सोपं झालंय. इतकी वर्षं खऱ्या संस्थांनीच लोकांच्या डोळ्यांची सवय बिघडवली होती. कुणाचा पत्ता को.इनवर, कुणाचा कॉमवर, ग्राहकसेवेचा तिसराच, मधे आडव्या रेघा. खरा पत्ता खोट्यासारखा दिसत असेल तर माणसाने काय करायचं? फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी ‘.बँक.इन’ हे राखीव आडनाव जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. ते देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. स्टेट बँकेचा पत्ता आता एसबीआय.बँक.इन. गव्ह.इनसारखंच हेही शेवटी असेल तरच मोजायचं. ‘एसबीआय.बँक.इन.काहीतरी.कॉम’ निघणारच आहे, निघालं की वर काय करायचं ते सांगितलंय.

दुसरी व्यवस्था पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपची. ब्राउझरमधला साठवलेला पासवर्डही चालेल. ते यंत्र रंग, लोगो बघत नाही, फक्त पत्ता बघतं, आणि पत्ता जुळला नाही तर गप्प बसतं. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नाहीये, हा मला माहीत असलेला सगळ्यांत भरवशाचा इशारा आहे. लोक त्या क्षणी वैतागतात आणि हाताने टाइप करतात. तिथे थांबायचं. ओटीपीवर फार विसंबू नका. हल्लीची खोटी पानं मधे दलालासारखी बसतात. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकून आत शिरतात. पासकी (पासवर्डऐवजी फोनचं कुलूप उघडून लॉगिन करायची सोय) किंवा यूएसबीची सुरक्षा किल्ली मात्र पत्त्याशी बांधलेली असते, खोट्या पत्त्यावर ती उघडतच नाही. २०१८ मध्ये गूगलने सांगितलं होतं की ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्यापासून एकाचंही कामाचं खातं फिशिंगने, म्हणजे अशा खोट्या मेल-पानांच्या फसवणुकीने, गेलेलं नाही.

हे सगळं मला माहीत असूनही मी एकदा गेलोच होतो. मार्चअखेर, रात्री साडेअकरा, एका ग्राहकाचा सर्व्हर पडलेला, आणि फोनवर मेल: तुमची मेलपेटी ९८ टक्के भरली आहे. माझी पेटी खरोखरच भरत आली होती. क्लिक केलं. पानावर माझा मेलपत्ता आधीच भरलेला, वर माझ्याच कंपनीचा लोगो. (यात जादू काही नाही. प्रत्येकाच्या लिंकच्या शेवटी त्याचा मेलपत्ता चिकटवलेला असतो, पान तो वाचून दाखवतं आणि त्यावरून लोगो ओढतं.) पासवर्ड आपोआप भरला गेला नाही. मी चरफडत टाइप करायला लागलो आणि पाच-सहा अक्षरांनंतर उमगलं की तो का भरला जात नाहीये. त्या रात्री पासवर्ड बदलूनच झोपलो. माझ्या एका ग्राहकाकडच्या हिशेबनिसाला तसं उमगलं नाही. त्याच्या खात्यात चोर नऊ दिवस बसून होता, आणि त्याने केलं काय, तर ‘पेमेंट’ शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेर पाठवणारा एक नियम लावून ठेवला. पासवर्ड बदलल्यावरही तो नियम चालूच होता.

म्हणून मेलचा पासवर्ड गेला असेल तर दुसऱ्या उपकरणावरून तो बदला, सगळीकडून साइन आउट करा, आणि सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग, फिल्टर, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि परवानगी दिलेली ॲप्स, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते, त्यामुळे इथे मिनिटं मोजायची असतात. लेखी तक्रार सायबरक्राइम.गव्ह.इनवर. लाज वाटून दोन दिवस कुणाला न सांगणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचेच पैसे बहुतेकदा गेलेत. वडिलांना रागावू नका हे त्यासाठी सांगतोय. असा मेल आयकर विभागाला वेबमॅनेजर@इन्कमटॅक्स.गव्ह.इन या पत्त्यावर पाठवता येतो.

आता ताईंच्या वडिलांपुरतं. पॅन आणि जन्मतारीख गेली आहे. त्यावर कुणी खात्यातून पैसे काढू शकत नाही, पण ही माहिती निरुपद्रवीही नाही. विभाग विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्याची जी बंद फाइल मेलवर पाठवतो तिचा पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरांतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. तेव्हा पोर्टलचा आणि मेलचा पासवर्ड आजच बदला. येत्या काही आठवड्यांत त्यांना फोन येऊ शकतो, आणि बोलणारा पॅन, जन्मतारीख, नाव बिनचूक सांगून ‘मी आयकर विभागाच्या बंगळुरूच्या केंद्रातून बोलतोय’ म्हणेल. ही माहिती त्याच्याकडे कुठून आली ते वडिलांना आधीच सांगून ठेवा.

आणि त्यांना एक गोष्ट विचारा: कार्डाचा नंबर टाइप करायला सुरुवात केली होती का? पुढचं बटण दाबलं नाही म्हणून काही गेलं नाही, असं समजू नका. काही खोटी पानं अक्षर टाइप होताच ते पाठवत राहतात. एकही आकडा टाकला नसेल तर कार्डाला धक्का नाही. पूर्ण नंबर टाकून तीन आकड्यांपाशी थांबले असतील, तर बँकेच्या ॲपवरून कार्ड बंद करा आणि नवीन मागवा.